दाखल्यात नसलेलं मूल

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुलाचं नाव असतं, आईचं नाव असतं, जात, जन्मगाव, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, अभ्यासातील प्रगती, वर्तणूक आणि शाळा सोडण्याचं कारण. प्रगतीपुढे बहुतेकदा ‘समाधानकारक’ लिहिलेलं असतं, वर्तणुकीपुढे ‘चांगली’. दरवर्षी जूनच्या मध्यावर, विदर्भात महिनाअखेरीला, महाराष्ट्रातली लाखो मुलं हा कागद घेऊन एका शाळेतून दुसरीत जातात. कुणाच्या वडिलांची बदली झालेली असते, कुणाचं घर धरणात किंवा रस्त्यात गेलेलं असतं, कुणी आत्याकडे शिकायला राहतं. पण सर्वांत मोठा लोंढा चौथी संपवून निघालेल्या मुलांचा. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा चौथीपर्यंतच आहेत आणि हायस्कूल पाचवीपासून सुरू होतं. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिक टप्पा पाचवीपर्यंत धरला, काही ठिकाणी त्याप्रमाणे वर्ग जोडलेही गेले. तरी खेड्यातल्या मुलाच्या आयुष्यातला मोठा सांधेबदल अजूनही नवव्या-दहाव्या वर्षीच होतो.

या संग्रहातले लेख त्या सांधेबदलाविषयी आहेत. लिहिणारे बहुतेक शिक्षक आहेत, काही पालक आहेत. कुणी अभ्यासाच्या अंगानं लिहिलं आहे, कुणी मैत्रीच्या, कुणी वसतिगृहाच्या. ते सगळे लेख वाचताना आणि स्वतः पाचवीचा वर्ग वर्षानुवर्षं शिकवताना माझं एक मत पक्कं होत गेलं, ते इथे मांडते. नव्या शाळेत मूल किती लवकर रुळेल हे त्याच्या हुशारीवर फार कमी अवलंबून असतं. मोठ्या माणसाला काही विचारायचं झालं तर त्याला आजवर काय अनुभव आला आहे, यावर ते सर्वांत जास्त अवलंबून असतं. हा अनुभव आधी घर देतं आणि मग पहिली शाळा. नव्या शाळेच्या दारात उभं असलेलं मूल विचारू शकणारं आहे की नाही, हे तोवर पुष्कळसं ठरून गेलेलं असतं.

वस्तीवरची शाळा डोळ्यांसमोर आणा. दोन शिक्षक, पट वीस-पंचवीस. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या. मुलाची आई आज कुणाच्या रानात खुरपायला गेली आहे हे गुरुजींना ठाऊक असतं. पोर दिसलं नाही तर ते शेजारच्या पोराला धाडून बोलावून घेतात. दुपारची खिचडी वाढणारी बाई त्याची चुलती असते. तिथे मुलाला विचारावं लागतच नाही, कारण त्याच्याविषयी सगळं सगळ्यांना माहीत असतं. आता हायस्कूल. पाचवीच्या तीन तुकड्या, एकेका वर्गात साठ-सत्तर मुलं. दर पस्तीस-चाळीस मिनिटांनी घंटा होते आणि माणूस बदलतो. गणिताच्या सरांना दोनरेघी वही चालत नाही, इंग्रजीच्या बाईंना चाररेघीच लागते. डबा कुठे खायचा, प्रार्थनेला कुठल्या रांगेत उभं राहायचं, परतीची एसटी फाट्यावर थांबते की स्टँडवरूनच पकडायची, यातलं काहीही विचारल्याशिवाय कळत नाही. मुलाचा ना एखादा अवयव बदललेला असतो, ना बुद्धी. फक्त आता त्याला विचारून जगायचं असतं, आणि ते त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

याचा सर्वांत आधी त्रास होतो तो शरीराला. पाचवीत नव्यानं आलेल्या मुली जूनमध्ये सकाळपासून पाणी पीत नाहीत. स्वच्छतागृह कुठे आहे हे कुणाला विचारायचं, साठ मुलांसमोर उठून परवानगी कशी मागायची, हे त्यांना कळत नाही. दुपारनंतर पोट दुखायला लागतं, डोकं दुखायला लागतं, आणि घरी निरोप जातो की मुलगी शाळेत कुरकुर करते, तिचं लक्ष नाही. मी हे इतक्यांदा पाहिलं आहे की नव्या मुलीच्या पोटदुखीला आता मी आधी हाच प्रश्न लावते. पहिल्या दिवशी सगळ्या वर्गाला रांगेनं नेऊन स्वच्छतागृह, पाण्याची टाकी आणि कार्यालय दाखवायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास वेळापत्रकात कुठल्याच विषयाच्या नावावर नसतो, म्हणून तो होत नाही.

आपली दुसरी मोठी चूक अशी, की गप्प बसलेल्या मुलाला आपण रुळलेलं मूल समजतो. रडणारं, पळून जाणारं, मारामारी करणारं मूल लगेच दिसतं. त्याच्या वडिलांना बोलावणं जातं, कुणीतरी त्याच्याशी बोलतं. तिसऱ्या बाकावर हात घडी घालून बसलेलं मूल मात्र आपल्याला शिस्तीचं वाटतं. ऑगस्टमध्ये पहिली चाचणी होते तेव्हा कळतं की त्याला अपूर्णांकाच्या पहिल्या दिवसापासून काही समजलेलं नाही. मग आपण म्हणतो, पाया कच्चा. पाया कच्चा असेलही, पण दोन महिने ते मूल ‘मला हे कळलं नाही’ हे चार शब्द घेऊन बसलं होतं आणि ते कुठे ठेवायचे हे त्याला कळत नव्हतं, याची नोंद कुणी घेत नाही.

हे चार शब्द का फुटत नाहीत, हे समजायला मुलाच्या घरात जावं लागतं, आणि तिथे फार आदरानं जावं लागतं. मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये, उलटून बोलू नये, पाहुण्याच्या घरी काही मागू नये, ताटात पडेल ते खावं, ही आपल्या घरांतली शिकवण आहे. तिच्यात मर्यादेची आणि दुसऱ्याचा विचार करण्याची एक सुंदर जाण आहे आणि ती टाकून द्यावी असं मला मुळीच वाटत नाही. शिवाय जिथे चणचण आहे तिथे न मागणं हे मुलाचं प्रेम असतं. वही संपली हे आईला सांगितलं तर तिला उसने पैसे आणावे लागतील, हे आठ वर्षांच्या मुलीला नीट समजतं. ती पेन्सिलीनं लिहिलेलं खोडून त्याच पानावर पुन्हा लिहिते. अशा मुलीला विचारायला शिकवायचं म्हणजे घरचं वळण मोडायचं, असा अर्थ कुणी करू नये. घरातलं न मागणं आणि शाळेतलं न विचारणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला कुणीतरी समजावून द्यायचं असतं.

अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ ॲनेट लॅरो यांचं ‘अनइक्वल चाइल्डहुड्स’ हे पुस्तक 2003 साली आलं. त्यांनी कृष्णवर्णीय आणि गोऱ्या, मध्यमवर्गीय, कष्टकरी आणि गरीब अशा कुटुंबांत जाऊन, त्यांच्या घरात बसून मुलांचं वाढणं पाहिलं. मध्यमवर्गीय आई मुलाला डॉक्टरकडे नेताना वाटेतच सांगते, तुला काय विचारायचं आहे ते ठरवून ठेव. मुलगा डॉक्टरांना बिनदिक्कत प्रश्न करतो. कष्टकरी आणि गरीब घरांतली मुलं भावंडांत, चुलत-मावस भावंडांत मोकळी खेळतात, आपला वेळ आपण भरतात, मोठ्यांचा शब्द मोडत नाहीत; पण शाळेच्या किंवा दवाखान्याच्या माणसासमोर आली की त्यांची आणि त्यांच्या आईवडिलांचीही जीभ टाळ्याला चिकटते. लॅरोंचं मला पटलेलं म्हणणं असं की यातली एक पद्धत चांगली आणि दुसरी वाईट असं नाही. शाळा नावाची संस्था मात्र पहिल्या पद्धतीनं वाढलेल्या मुलाला ओळखते आणि दुसऱ्याला ओळखत नाही. अमेरिकेतलं सगळं आपल्याकडे जसंच्या तसं लागू होत नाही. आपल्याकडे जात आहे, एकत्र कुटुंब आहे, मुलगी-मुलगा हा भेद आहे. तरी पाचवीच्या वर्गात उभं राहून पाहिलं तर ही रेघ इथेही स्पष्ट दिसते.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलगी घ्या. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या फडावर जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कोप्यांत राहतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत थांबता येत नाही. आईबाप पहाटे अंधारात फडात जातात. दहा वर्षांची मुलगी मागे राहून धाकट्याला सांभाळते, भाकरी थापते, पाणी भरते, धाकट्याला ताप आला तर फडावर निरोप द्यायचा की संध्याकाळपर्यंत थांबायचं हे ती ठरवते. गावात हंगामी वसतिगृह असेल आणि आजीची तयारी असेल तर ती मागे राहून शाळा करते. नसेल तर वर्षाचे चार-पाच महिने शाळेबाहेर, नाहीतर कारखान्याजवळच्या अनोळखी शाळेत. शिक्षण हक्क कायद्यानं तिची बाजू घेतली आहे. कलम 4 प्रमाणे वयाला अनुरूप वर्गात बसण्याचा तिला हक्क आहे. कलम 5 प्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. दार उघडलं आहे आणि ही छोटी गोष्ट नाही. पण आत गेल्यावर ती शेवटच्या रांगेत बसते, कारण नकाशा तिनं पाहिलेला नाही आणि पाढा तेराच्या पुढे जात नाही. एका घराचा कारभार पेलणारी ही मुलगी वर्गात ‘मंद’ ठरते. तिनं आजवर मोठ्यांना विचारण्यापेक्षा स्वतःच निर्णय घेतले आहेत, ही तिची ताकद आहे, आणि तीच इथे तिला गप्प करते. धाकट्या भावाला ताप आला तेव्हा तू काय केलंस, असं तिला एकदा विचारून पाहावं. पाच मिनिटं ती थांबणार नाही.

न विचारण्याचं खापर घरावरच फोडणं मात्र अन्यायाचं होईल. कुणी काय मागायचं आणि कुणी मागायचंच नाही, हे शाळाही शिकवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांच्या लहानपणच्या शाळेविषयी लिहिलं आहे. बसायला गोणपाटाचा तुकडा घरून न्यायचा आणि संध्याकाळी परत आणायचा. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपाई नळ उघडून देईल तेव्हाच पाणी. शिपाई नसेल तर पाणी नाही. ज्या मुलाला पाण्यासाठीही तिसऱ्या माणसाची वाट पाहायला लागते, ते मूल वर्गात शंका विचारायला हात कसा वर करील? ती अस्पृश्यता आज कायद्यानं गुन्हा आहे. पण कुणाला पुढच्या बाकावर बसवलं जातं, कुणाला झाडू आणायला सांगितलं जातं, कुणाच्या डब्याकडे पाहून मुलं नाक मुरडतात, हे मूल पहिलीपासून टिपत असतं. नव्या शाळेत ते आपलं टिपण घेऊनच येतं.

भाषेचंही असंच. पाचवीतला मुलगा पहिल्याच आठवड्यात धीर करून उभा राहतो आणि म्हणतो, ‘बाई, म्या इचारू का?’ वर्ग हसतो. बाई हसत नाहीत, पण ‘मी विचारू का, असं म्हण’ एवढं सुधारतात आणि मग प्रश्न काय होता ते दोघांच्याही लक्षातून जातं. त्याचा हात पुन्हा वर येत नाही. प्रमाण मराठी शिकवायला हवीच, तिच्याशिवाय पुढची पुस्तकं उघडत नाहीत. ती फळ्यावर शिकवा, वहीत शिकवा. प्रश्न विचारणाऱ्या तोंडावर शिकवू नका. खानदेशातला अहिराणी बोलणारा मुलगा, वऱ्हाडी बोलणारी मुलगी, मालवणी बोलणारं मूल, सगळ्यांचं हेच. आश्रमशाळेत तर सहा वर्षांचं पोर गोंडी, माडिया, पावरी किंवा कोरकू घेऊन येतं, आणि त्याला रात्रीही तिथेच राहायचं असतं. ताप भरला, अंथरूण ओलं झालं, आईची आठवण आली, तर ते कुठल्या भाषेत आणि कुणाला सांगायचं? तिथे मुलाची भाषा जाणणारं निदान एक मोठं माणूस रात्रीच्या मुक्कामाला असलंच पाहिजे. इमारत आणि गणवेश यांच्या आधी ते असलं पाहिजे.

उलटंही घडतं. गेल्या काही वर्षांत जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांनी वर्गाचं रूप बदललं. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांचं काम राज्यभरच्या शिक्षकांनी जाऊन पाहिलं. तिथे मुलं जमिनीवर गटात बसून साहित्य हाताळतात, एकमेकांना शिकवतात, शिक्षकाला खुशाल अडवून विचारतात. अशा शाळेतून आलेली मुलगी हायस्कूलच्या बाकावर बसते, सर फळ्यावर गणित सोडवत असतात आणि ती मध्येच म्हणते, ‘सर, दुसऱ्या पद्धतीनं पण येतं.’ पुढे काय होतं हे त्या त्या सरांवर असतं. काही सर तिला फळ्यापाशी बोलावतात. काही तिला आगाऊ ठरवतात. दुसऱ्या प्रकारच्या वर्गात ती महिनाभरात गप्प होते आणि तिच्या घरी सांगितलं जातं की जिल्हा परिषदेच्या शाळेत शिस्त लावली नव्हती. चार वर्षं मेहनत करून एका शाळेनं जे मुलीत रुजवलं, ते दुसऱ्या शाळेनं इतक्या सहज उपटून टाकावं याचा मला फार त्रास होतो.

या विषयाचा विचार आपल्याकडे पूर्वी कुणी केला नाही असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर कुरणशाळा भरवली. मुलाचं घर, त्याचं काम, त्याची सवय हे त्यांनी शाळेच्या आड येणारं विघ्न मानलं नाही. तिथून सुरुवात करायची असं ठरवलं. मुलानं शाळेशी जुळवून घेण्याआधी शाळेनं मुलाशी किती जुळवून घेतलं, हा प्रश्न त्यांनी कृतीनं विचारला. आज अंगणवाडी घरोघरी माहीत आहे, पण हा प्रश्न पहिलीच्या वर्गाबाहेर फारसा आलेला नाही. पाचवीच्या दारात तर तो कुणी उच्चारतही नाही.

सगळं वळणावर आणि परिस्थितीवर ढकलूनही चालत नाही. एकाच घरातली दोन भावंडं एकाच दिवशी नव्या शाळेत जातात. एक दुसऱ्या दिवशी मित्राला घरी घेऊन येतं, दुसरं दिवाळीपर्यंत डबा एकटं खातं. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्यानं न्यूयॉर्कमध्ये 1956 पासून मुलांचा लहानपणापासून दीर्घ अभ्यास केला. त्यांना काही मुलं अशी आढळली की जी नव्या गोष्टीपुढे आधी मागे सरतात, कडेला उभी राहून पाहतात आणि हळूहळू पुढे येतात. त्यांना घाई केली की ती आणखी मागे जातात. वेळ दिला की येतात. मुलाचा स्वभाव आणि भोवतालच्या माणसांची अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, यावर पुढचं बरंच ठरतं, असं त्यांचं म्हणणं होतं. अशा मुलाच्या आईला पालकसभेत ‘तुम्ही याला फार जपलंय, बाहेर सोडत नाही’ असं ऐकावं लागतं. आईलाच ऐकावं लागतं, कारण पालकसभेला बहुतेकदा तीच आलेली असते. संस्कार कमी पडले की जास्त झाले, दोन्ही हिशेब तिच्या नावावर मांडले जातात, ही आपल्या शाळांची जुनी खोड आहे आणि ती गेली पाहिजे.

आता हातात असलेल्या गोष्टींविषयी. पाचवीच्या तुकड्या कित्येक ठिकाणी गुणांवर पाडतात. त्यामुळे एका गावाहून आलेली चार मुलं चार ठिकाणी विखुरतात. नवोदय विद्यालयांत नववीतली काही मुलं दुसऱ्या भाषेच्या राज्यात शिकायला पाठवतात, तिथेही ती गटानं जातात, एकटी नाही. मग तालुक्याच्या हायस्कूलला एका वस्तीवरची दोन मुलं एका तुकडीत ठेवणं का जमू नये? जे स्वतः विचारू शकत नाही ते मैत्रिणीला कोपरखळी मारून विचारायला लावतं. हळूहळू स्वतः विचारतं.

दुसरं, मुलाविषयी जे लिहून ठेवलेलं असतं ते त्याच्याबरोबर गेलं पाहिजे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात प्राथमिकचे शिक्षक वर्षभर प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी करतात. ‘मोठ्यानं विचारत नाही, जवळ येऊन उभी राहते’, ‘चुकलं की पान फाडतो’, ‘गणित तोंडी पक्कं, लिहायला कंटाळतो’, अशी एखादी खरी ओळ कुठल्याही गुणपत्रकापेक्षा पाचवीच्या वर्गशिक्षकाला जास्त उपयोगाची आहे. मुलाचं नाव ऑनलाइन नोंदणीत एका शाळेतून दुसरीत सरकतं, ही ओळ मात्र जुन्या शाळेच्या कपाटात राहते. चौथीच्या गुरुजींनी आणि पाचवीच्या बाईंनी जूनमध्ये एक दुपार समोरासमोर बसून पन्नास मुलांविषयी बोलावं, यासाठी कुठल्याही शासननिर्णयाची वाट पाहायला नको.

आणि पालकांसाठी, विशेषतः वडिलांसाठी. मे महिन्यात दप्तर, वह्या, बूट यांची खरेदी होते. त्याच महिन्यात मुलाला एकदा एसटीत बसवून तिकीट त्याचं त्याला मागू द्या, कंडक्टरला ‘हायस्कूलचा थांबा आला की सांगाल का’ असं विचारू द्या. किराणा दुकानात भाव विचारायला पाठवा, बँकेत पासबुक भरून मागायला पाठवा. दुकानदारानं लक्ष दिलं नाही म्हणून ते तसंच परत आलं तर रागावू नका. काय झालं ते ऐकून घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवा. जमलं तर शाळा सुरू व्हायच्या आधी त्याला बरोबर घेऊन हायस्कूलमध्ये एक चक्कर मारा आणि कार्यालयातल्या माणसाशी तुम्ही बोलू नका, त्याला बोलू द्या.